प्राणिसंग्रहालयातील वाघ, सिंह, बिबटे नीट कसे पाहावेत

वाघाच्या पिंजऱ्यासमोर आलेली बहुतेक माणसे "झोपलाय" एवढेच म्हणून मिनिटभरात पुढच्या पिंजऱ्याकडे निघतात. मार्जारकुळातील मोठे प्राणी मुळातच पुष्कळ वेळ पडून राहणारे आहेत. सिंह तर चोवीस तासांपैकी १६ ते २० तास विश्रांतीत घालवतो, आणि जंगलातही त्याचा दिनक्रम असाच असतो. शिकारीत थोड्या वेळात प्रचंड शक्ती खर्च होते आणि बहुतेक वेळा हात हलवत परतावे लागते, म्हणून उरलेल्या वेळात ती शक्ती राखून ठेवणे त्यांना भागच असते. त्यामुळे अशा भेटीचा बेत आखताना वेळ योग्य निवडणे आणि एका जागी थांबण्याची तयारी ठेवणे या दोन गोष्टींना सर्वांत जास्त महत्त्व द्यावे. सगळे संग्रहालय एका दिवसात उरकायचे ठरवले, तर यांपैकी एकही साधत नाही. दोन किंवा तीन पिंजरे निवडून प्रत्येकासमोर निदान अर्धा तास थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळेची निवड

दार उघडताच आत शिरणे सर्वांत उत्तम. पुष्कळ संग्रहालयांत हे प्राणी रात्री मागच्या बंदिस्त खोल्यांत असतात आणि सकाळी त्यांना मोकळ्या आवारात सोडले जाते. बाहेर आलेला वाघ आधी आपल्या हद्दीची पाहणी करतो. रात्रीतून कोणता नवा वास आला आहे हे तो हुंगतो, ठरावीक झाडांवर आणि खडकांवर आपला वास सोडतो, नखे घासतो आणि मगच कुठेतरी बसतो. हे सगळे अनेकदा पहिल्या तासाभरात आटोपते, म्हणून प्रवेशद्वाराजवळच्या पक्ष्यांत आणि माकडांत न रेंगाळता थेट मोठ्या मार्जारांकडे जावे आणि सर्पालयासारखी छताखालची दालने दुपारसाठी ठेवावीत. संग्रहालय बंद होण्यापूर्वीचा तासही चांगला असतो, मात्र त्या वेळची हालचाल निराळी असते. अनेक ठिकाणी संध्याकाळचे मांस आतल्या खोलीत दिले जात असल्याने प्राणी त्या दाराजवळ येऊन घुटमळू लागतात.

उन्हाचा कडाका असेल तर सावली आणि पाणी जिथे आहे तिथेच शोधावे. वाघ आणि जॅग्वार पाण्यात आनंदाने उतरतात. बिबट्या मात्र उंच फांदीवर पाय लोंबकळत ठेवून झोपलेला आढळेल. याउलट ज्या दिवशी माणसांना गारठ्याने बाहेर पडावेसे वाटत नाही, त्या दिवशी हिमबिबट्या आणि सायबेरियातील अमूर वाघ खऱ्या रंगात येतात. गर्दी कमी असल्याचा फायदा वेगळाच.

निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या सूचना पाहून प्राणिपालांचे माहितीपर बोलणे किंवा प्रशिक्षणाचे प्रात्यक्षिक कधी आहे, हे टिपून ठेवावे. आठवड्यातून एक दिवस मांसाहारी प्राण्यांना उपवास घडवण्याची पद्धत बऱ्याच संग्रहालयांत आहे, त्यामुळे खाताना पाहण्याची इच्छा असेल तर तो दिवस टाळावा. आज कोणता प्राणी बाहेर आहे, हे आत गेल्यावर कर्मचाऱ्यांना विचारण्यात संकोच करू नये. सिंह कळपाने राहतात, पण वाघ एकांडे असल्याने एकाच आवारात दोघांना आळीपाळीने सोडले जाते. सकाळी दिसलेली वाघीण आणि दुपारी दिसलेला वाघ हे दोन निराळे प्राणी असू शकतात, आणि कपाळावरचे पट्टे लक्षात ठेवले तर हे कोणी न सांगताही ओळखता येते, कारण दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात.

आवार वाचावे, मग प्राणी शोधावा

जुन्या काळी हे प्राणी लोखंडी गज आणि फरशीच्या कोठडीत ठेवले जात. जर्मनीतील कार्ल हागेनबेक यांनी गजांऐवजी खंदक वापरून प्राणी मोकळ्या निसर्गात असल्यासारखे दाखवण्याच्या रचनेचे पेटंट १८९६ मध्ये घेतले आणि १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ त्या तत्त्वावर आपले प्राणिसंग्रहालय उघडले. तिथे सिंह आणि प्रेक्षक यांच्यामध्ये गज नव्हते. आजची बहुतेक खुली आवारे त्याच कल्पनेची वंशज आहेत.

कोणत्या प्राण्याला कसले कुंपण आहे, यावरूनही पुष्कळ समजते. सिंह आणि वाघ यांचे आवार वरून उघडे असू शकते, कारण खोल खंदक आणि उंच भिंत त्यांना पुरेशी रोखते. बिबट्या, जॅग्वार आणि हिमबिबट्या हे पट्टीचे चढणारे असल्याने त्यांच्या डोक्यावरही जाळी असते. भिंतीच्या उंचीचा हिशेब किती काटेकोर असावा लागतो, हे २००७ च्या नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथे दिसले. तिथे खंदकाची भिंत सुमारे ३.८ मीटर होती, तर तेथील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेची शिफारस ५ मीटरची होती. वाघीण ती भिंत चढून बाहेर आली आणि तिच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर भिंतीची उंची वाढवण्यात आली.

आवारासमोर पोहोचल्यावर प्राणी न दिसल्यास लगेच निराश होऊ नये. आधी चार जागा हेराव्यात: आतल्या खोलीचे दार, सर्वांत उंच बैठक, पाण्याची जागा आणि गवत झिजून पडलेली पायवाट. प्राणी बहुधा यांपैकी एका जागेच्या आसपास असतो. अनेक संग्रहालये काचेलगत गरम किंवा थंड ठेवता येणारे खडक बसवतात, त्यामुळे काचेच्या अगदी पायथ्याशीही नजर टाकावी. लोक लांबवर झुडपांत वाघ शोधत असतात आणि तो त्यांच्या गुडघ्यांच्या पातळीवर काचेला पाठ टेकून पहुडलेला असतो. डोळ्यांना सगळा प्राणी एकदम शोधायला लावण्यापेक्षा एखादा कान, शेपटीचे टोक किंवा पोटाकडचा पांढुरका भाग शोधावा. कानाची हालचाल सर्वांत आधी नजरेत भरते, कारण झोपेतही कान माश्या उडवत आणि आवाज टिपत असतात. जाळीआडच्या प्राण्यासाठीही लहानशी दुर्बीण फार उपयोगी पडते.

काय पाहावे, काय ऐकावे

ओळखीपासून सुरुवात करू. बिबट्या आणि जॅग्वार यांच्या अंगावर काळ्या ठिपक्यांची वर्तुळे असतात. जॅग्वारच्या बऱ्याच वर्तुळांच्या आतही बारीक ठिपके असतात, बिबट्याची वर्तुळे मात्र सहसा रिकामी असतात. शिवाय जॅग्वारचे डोके मोठे, छाती भरदार आणि पाय आखूड असतात. चित्त्याच्या अंगावर साधे भरीव ठिपके असतात, डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते आणि त्याची नखे पूर्ण आत जात नाहीत. काळा बिबट्या ही निराळी जात नाही. त्याच्या कातडीवर तिरपा प्रकाश पडेपर्यंत थांबावे, मग काळ्यावर काळे ठिपके उमटलेले दिसतात. हिमबिबट्याची जवळजवळ मीटरभर लांब, जाडजूड शेपटी कड्यांवर तोल सांभाळायला आणि झोपताना नाक-तोंड झाकून घ्यायला उपयोगी पडते. आशियाई सिंहाच्या पोटाखाली कातडीची लांब घडी असते आणि त्याची आयाळ आफ्रिकी सिंहापेक्षा बहुधा विरळ असल्याने कान स्पष्ट दिसतात.

आवाजांकडे लोक पुरेसे लक्ष देत नाहीत. सिंहाची गर्जना ८ किलोमीटरपर्यंत ऐकू जाऊ शकते आणि ती जवळून ऐकताना छातीत जाणवते. वाघ, सिंह, बिबट्या आणि जॅग्वार गर्जना करतात, पण त्यांच्याच गटातला हिमबिबट्या करत नाही. चित्ता आणि अमेरिका खंडातला प्यूमा हा मार्जार घरच्या मांजरासारखे घुरघुरतात, आणि चित्ता तर पक्ष्यासारखा चिवचिवतो. वाघाचा एक आवाज मात्र मुद्दाम कान देऊन ऐकण्यासारखा आहे. ओळखीचा प्राणिपाल जाळीजवळ आला की वाघ तोंड मिटून नाकातून तुटक फुरफुर करतो. ते स्नेहाचे अभिवादन असते, आणि प्राणिपालही बऱ्याचदा तसाच आवाज काढून उत्तर देतो. मला गर्जनेपेक्षा ही फुरफुर अधिक मोलाची वाटते.

देहबोलीत कान आणि शेपटी यांवर भर द्यावा. वाघाच्या कानांमागे पांढरा ठिपका असतो. तो चिडून कान वळवतो तेव्हा हा ठिपका समोरून दिसू लागतो, आणि अशा वेळी काचेपासून दोन पावले मागे सरकणे हे सौजन्याचे ठरते. एखादी जागा हुंगून वाघ तोंड अर्धवट उघडतो, वरचा ओठ मुरडतो, नाकाला सुरकुत्या पाडतो आणि काही क्षण तसाच स्थिर राहतो. त्याला घाण वाटली, असे लोक समजतात. वास्तविक तो टाळूतल्या खास इंद्रियाकडे तो वास पोहोचवून त्याचा बारकाईने अर्थ लावत असतो. जाळीजवळ उभे असताना वाघाने किंवा सिंहाने पाठ फिरवून शेपटी सरळ वर उचलली, तर ताबडतोब बाजूला व्हावे. मूत्राचा तो फवारा मागच्या दिशेने दोन-तीन मीटरपर्यंत सहज येतो आणि त्याचा वास कपड्यांतून लवकर जात नाही.

आवारात पुठ्ठ्याची खोकी, मोठे कठीण चेंडू, टांगलेले मांस किंवा गोठवलेल्या रक्ताचे गोळे दिसले तर तो कचरा समजू नये. प्राण्यांच्या मेंदूला आणि शरीराला काम मिळावे म्हणून ते हेतुपुरस्सर ठेवलेले असते. मसाले आणि तृणभक्षी प्राण्यांची लीद यांसारखे वासही वापरले जातात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने तर या कामासाठी वेगवेगळी अत्तरे तपासून पाहिली होती. खोक्याच्या आत डोके घालून त्याच्या चिंध्या करणारा दीडशे किलोंचा प्राणी पाहिल्यावर घरचे मांजर आठवल्यावाचून राहत नाही.

एकाच रेषेत पुन्हा पुन्हा येरझारा घालणारा प्राणी पाहिला की मनाला टोचते. त्याचा अर्थ लावताना घाई करू नये, आणि डोळेझाकही करू नये. जेवणाच्या वेळेआधी दाराजवळची ये-जा बऱ्याच अंशी अपेक्षेपोटी असते. पण दिवसाच्या कोणत्याही वेळी, त्याच वळणावर, तितक्याच पावलांत, भोवतालाकडे लक्ष न देता चाललेली येरझार तणावाचे किंवा अपुऱ्या आवाराचे लक्षण असू शकते. जंगलात ज्यांचा वावर विस्तीर्ण प्रदेशात असतो, त्या मांसाहारी प्राण्यांत बंदिवासातील अशी येरझार अधिक आढळते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हातारा प्राणी ताठरपणे चालत असेल तर त्याला संधिवातही असू शकतो. बंदिवासात वाघ-सिंह २० वर्षांच्या आसपासही जगतात, त्यामुळे असे वृद्ध प्राणी संग्रहालयांत नेहमीच असतात. शंका वाटल्यास प्राणिपालाला शांतपणे विचारावे.

पांढऱ्या वाघाविषयी एक गोष्ट ठाऊक असावी. तो वाघाचा वेगळा प्रकार नाही. एका अप्रभावी जनुकामुळे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आले तरच परिणाम दाखवणाऱ्या जनुकामुळे, तो रंग येतो. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या नर वाघापासून बंदिवासातील पांढऱ्या वाघांची वंशावळ मुख्यतः सुरू झाली आणि रंग टिकवण्यासाठी जवळच्या नात्यातच प्रजनन होत राहिले. त्यांच्यातील तिरळेपणा हा याच जनुकाशी निगडित आहे. पाहायला हरकत नाही, पण फलकावर 'दुर्मीळ जात' असे लिहिले असेल तर ते संग्रहालय आपल्या प्रेक्षकांना अर्धवट माहिती देत आहे, असे खुशाल समजावे.

पाहणाऱ्यांची वागणूक

काचेवर थाप मारू नये. बाहेरच्या माणसाला ती हलकी टकटक वाटते, पण आतल्या प्राण्याला दिवसभर, शेकडो माणसांकडून तिचा त्रास होतो. ओरडणे, शीळ घालणे, गर्जनेची नक्कल करणे यांनी झोपलेला वाघ उठून समोर येत नाही. तो बहुधा आतल्या कोपऱ्यात जातो आणि मागून येणाऱ्यांनाही दिसेनासा होतो.

लहान मुले बरोबर असतील तर जरा अधिक सावध राहावे. धावणारे, उड्या मारणारे किंवा काचेकडे पाठ करून बसलेले मूल पाहून वाघ किंवा सिंह अंग चोरून दबा धरतो आणि क्षणात काचेवर झेप घेतो. भोवतालची मंडळी हसतात, मूल घाबरते, आणि कोणाच्याही लक्षात येत नाही की ते खेळकरपण नसून शिकारीची सहजप्रवृत्ती आहे. मुलाला काचेकडे तोंड करून, आपल्या शेजारी उभे करावे. कठड्यावर बसवणे किंवा खांद्यावर घेऊन खंदकावर वाकणे कटाक्षाने टाळावे. मुलांना "वाघ पाहा" असे सांगण्याऐवजी एखादे नेमके काम द्यावे: तो पाणी किती वेळा पितो, कोणत्या झाडाला अंग घासतो, शेपटीवर किती वलये आहेत. मग तीच मुले मोठ्यांना पुढे जाऊ देत नाहीत.

बाहेरचा कठडा आणि आतली जाळी यांमधील मोकळी जागा पंजाच्या पल्ल्याचा विचार करून सोडलेली असते. २०१९ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात छायाचित्रासाठी ही मर्यादा ओलांडणाऱ्या महिलेचा हात जॅग्वारने जाळीतून ओरबाडला होता. रोज खायला घालणारे प्राणिपालही आधुनिक संग्रहालयांत वाघाच्या आवारात त्याच्याबरोबर शिरत नाहीत. जाळीआडून प्रशिक्षण देऊन ते त्याला कूस दाखवायला, तोंड उघडायला, एवढेच काय, शेपटीतून रक्त घेऊ द्यायलाही शिकवतात. असे प्रात्यक्षिक पाहायला मिळाले तर बाकीचे सगळे सोडून तिथे थांबावे.

खाद्यपदार्थ टाकण्यास सर्वत्र बंदी असते आणि तिला सबळ कारण आहे. २००४ मध्ये थायलंडमधील एका व्याघ्र संग्रहालयात कोंबडीच्या कच्च्या मांसातून बर्ड फ्लू पसरून शंभराहून अधिक वाघ दगावले किंवा मारावे लागले. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीमधील सुमारे एक तृतीयांश सिंह पाळीव कुत्र्यांकडून आलेल्या डिस्टेंपर रोगाने मेले, आणि एप्रिल २०२० मध्ये ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील वाघिणीला माणसाकडून कोविडची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. म्हणून अंगात ताप किंवा खोकला असेल तर भेट पुढे ढकलावी आणि पाळीव प्राणी बरोबर आणू नये.

छायाचित्रासाठी फ्लॅश बंद ठेवावा. काचेवर त्याचा झोत उलटून चित्र बिघडते ते वेगळेच. लेन्स काचेला शक्य तितकी टेकवून भोवती गडद कापड धरले की प्रतिबिंबे नाहीशी होतात. कठड्याबाहेरून जाळीतून टिपताना लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठे ठेवावे, लांब पल्ल्याची लेन्स वापरावी आणि प्राणी जाळीपासून दूर जाईपर्यंत थांबावे, म्हणजे तारा धूसर होऊन जवळजवळ दिसेनाशा होतात. बछड्याला मांडीवर घेऊन किंवा वाघाला कुरवाळून फोटो काढू देणाऱ्या ठिकाणी मात्र जाऊच नये. अशा फोटोंसाठी पिल्लांना आईपासून फार लवकर तोडले जाते आणि ती हाताळण्याजोगी राहत नाहीत तेव्हा त्यांचे काय होते, याचा हिशेब क्वचितच मिळतो. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून मोठ्या मार्जारांशी जनतेचा असा थेट संपर्क बंद केला.

हातातील वस्तू आवारात पडली, तर ती काढण्यासाठी वाकू नये, काठीने ओढू नये आणि कोणाला कठडा ओलांडू देऊ नये. जवळच्या कर्मचाऱ्याला वस्तू कोणती आणि नेमकी कुठे पडली, हे लगेच सांगावे, कारण प्लास्टिक किंवा मोबाइलची बॅटरी प्राण्याने चावली तर त्याच्या जिवावर बेतू शकते. प्राण्याला आत घेऊन दारे बंद केल्याशिवाय कोणीही आवारात उतरत नाही. वाघाच्या मनात आत जायचे नसेल तर त्याला तासभरही लागू शकतो, आणि तोवर त्याने चष्मा किंवा फोन चघळून पाहिलेला असण्याची शक्यता बरीच असते.